चेंडू हातात नसताना

सकाळचे सहा वाजले होते. रात्रभराच्या पावसानं अंगण चिकचिकीत झालं होतं, आणि माझी भाची घराच्या भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून आडवी चालत होती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा परत. आई, म्हणजे तिची आजी, पाणी तापवायला बाहेर आली. तिनं जरा वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ही काय करलाली रं?"

"बास्केटबॉलची तयारी करलाली, आई."

"मंग चेंडू कुठाय?"

चेंडू शाळेच्या कपाटात होता. आठवीतल्या या पोरीच्या शाळेत चौदा वर्षांखालील मुलींचा संघ निवडायचा होता. निवड तीन आठवड्यांवर आली होती आणि तोवर चेंडू तिच्या वाट्याला आठवड्यातून दोनदा, तासाभरासाठी, पंचवीस पोरींत मिळून येणार होता. आई पाण्याकडं वळली, पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी स्वतः शाळेत असताना हा खेळ खेळलो. पुढं काही वर्षं एका क्रीडाशिक्षकांना निवडीच्या दिवशी वही-पेन घेऊन मदत करायचो. चेंडू नाही म्हणून तयारी थांबलेली किती पोरं मी पाहिली, याचा हिशेब नाही. त्या सगळ्यांना त्या वेळी सांगायला हवं होतं ते इथं सांगतो.

बास्केटबॉलचा पूर्ण सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. मैदानात दोन्हीकडचे मिळून दहा खेळाडू आणि चेंडू एक. चेंडू सगळा वेळ कुणाच्या ना कुणाच्या हातात राहिला असं धरलं, तरी एकाच्या वाट्याला सरासरी चार मिनिटं येतात. प्रत्यक्षात तेवढीही नाहीत, कारण चेंडू हवेत असतो, रिंगवर आपटत असतो, पासमध्ये असतो. म्हणजे चाळीसपैकी छत्तीस मिनिटं तुम्ही रिकाम्या हातानं खेळता. धावणं, अडवणं, जागा करणं, मागं पळणं, ओरडून सांगणं, रिंगवरून परतलेल्या चेंडूसाठी उडी मारून अंग लावणं, हे सगळं त्या छत्तीस मिनिटांतलं. निवडीच्या दिवशी पोरं उरलेल्या चार मिनिटांची तयारी करून येतात आणि निवडणारा माणूस छत्तीस मिनिटं बघत बसलेला असतो.

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या लोह्यासारख्या गावाला हा हिशेब सोयीचा आहे. आपल्याकडं कमी काय आहे, तर चेंडू, रिंग आणि सिमेंटचं कोर्ट. ती छत्तीस मिनिटं यांपैकी कशावरच अडून नाहीत.

आधी निवड म्हणजे काय ते सांगतो, कारण पालकांना याची नीट माहिती नसते. शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या असतात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय त्या भरवतं. वयोगट तीन: चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. मुलं वेगळी, मुली वेगळ्या. पायऱ्याही ठरलेल्या. तालुका किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि राज्यातून निवडलेले राष्ट्रीय शालेय स्पर्धेला. नांदेड जिल्हा लातूर विभागात येतो, म्हणजे लोह्याचा संघ जिंकत गेला तर त्याला लातूर-धाराशिवच्या संघांशी भिडायचं असतं. संघात बारा जण, त्यांतले पाच मैदानात. या सगळ्या शिडीची पहिली पायरी म्हणजे शाळेच्या मैदानावरची ती एक सकाळ. तिथं सर शिट्टी वाजवतात आणि चाळीस पोरांतून बारा नावं वहीत उतरतात. कुणी तिला निवड चाचणी म्हणतं, कुणी ट्रायल. पोरं म्हणतात सिलेक्शन.

हंगाम मात्र आपल्या बाजूचा नाही. या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. आपल्याकडं हे सोयाबीनच्या खुरपणीचे आणि फवारणीचे दिवस. शेतात माणूस लागतं आणि आठवीतलं पोर म्हणजे घराला अर्धं माणूस. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला किलो-किलोनं चिकटते. या मातीवर चेंडू टाकला की तो तिथंच बसतो. चेंडूत हवा बरोबर आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे खांद्याच्या उंचीवरून सोडायचा आणि कमरेपर्यंत उसळतो का पाहायचं. भाद्रपदातल्या काळ्या मातीवर जगातला महागातला चेंडूही घोट्यापर्यंत येत नाही. मुरूम टाकून दाबलेला पट्टा असेल तर बरं. नसेल तर शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायतीचा ओटा, मंदिराच्या समोरची फरशी. ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, शिकायला चार फूट टणक जागा पुरते.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली प्रत्येक शाळेला मैदान असलंच पाहिजे असं परिशिष्टात लिहून ठेवलं. राज्याचं क्रीडा धोरण २०१२ चं. कागद चांगले आहेत. पण पोरीची निवड तीन आठवड्यांवर आहे आणि तिला आजच्या जमिनीवरच पळायचं आहे.

हा खेळ जन्मला तोही अडचणीतूनच. डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव, वायएमसीएची प्रशिक्षण शाळा. बाहेर बर्फ, आत अठरा कंटाळलेले विद्यार्थी, आणि त्यांना काहीतरी खेळायला द्या म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला मिळालेली मुदत चौदा दिवसांची. त्यानं शिपायाकडं दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती. शिपायानं फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता म्हणून टोपल्या दहा फुटांवर गेल्या. आज जगभरातल्या कोर्टांवर रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते, ती त्या एका कठड्यामुळं. चेंडू फुटबॉलचा होता. संघ नऊ-नऊ जणांचे. पहिला सामना १-० असा संपला.

नेस्मिथनं तेरा नियम लिहिले आणि त्यांत एक असा होता की चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. जिथं पकडला तिथूनच फेकायचा. आजचं ड्रिबल पहिल्या खेळात नव्हतंच. जागा करणं, पास देणं, पास घ्यायला मोकळं होणं एवढ्यावर तो खेळ उभा होता. मी भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मामा, पहिल्यांदा खेळले त्यांलाबी चेंडू आपटायला येत नव्हता?" येत नव्हता असं नाही, पण त्यांना त्याची गरज पडली नाही. बऱ्याच पोरांना आजही वाटतं तेवढी पडत नाही.

आता त्या तीन आठवड्यांकडं येतो.

पहिला आठवडा पूर्ण पायांचा. मराठवाड्यातल्या पोरांचे पाय खो-खो आणि कबड्डीनं आधीच घडवलेले असतात, आणि ही आपली खरी पुंजी आहे. खो-खोत पळणारा बसलेल्या आठ जणांच्या मधून साखळी करत जातो तेव्हा तो चवड्यांवर असतो, गुडघे मोकळे, कंबर खाली, आणि दर दोन-तीन पावलांना दिशा बदललेली. बास्केटबॉलमध्ये अडवणाऱ्याला चकवून रिकाम्या जागेत शिरायचं म्हणजे हेच. कबड्डीत साखळी धरून उभी असलेली पोरं चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत नाहीत, कमरेकडं बघतात, कारण डोळे फसवतात, हात फसवतात, कंबर फसवत नाही. डिफेन्सचा पहिला धडाही हाच आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा जिंकलेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार बीड जिल्ह्यातली प्रियंका इंगळे होती. या मातीतल्या पोरींचे पाय कुठवर जातात हे वेगळं सांगायला नको. बास्केटबॉलच्या निवडीला येताना मात्र आपली पोरं ते पाय घरी ठेवून येतात. त्यांना वाटतं, हा वेगळा खेळ, शहरातला खेळ, इथं काहीतरी वेगळं करून दाखवायचं असतं.

म्हणून भाचीला भिंतीला पाठ लावून चालायला लावलं. भिंत असली की कंबर वर उचलता येत नाही, लगेच कळतं. पाय एकमेकांना लावायचे नाहीत, ओलांडायचे तर नाहीतच. ज्या बाजूला जायचं तो पाय आधी, दुसरा मागून सरकत. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांत मांड्या थरथरायला लागल्या. आठवड्यानं तीस फेऱ्या व्हायला लागल्या.

शेजारच्या गल्लीत दहा मीटरवर दोन विटा ठेवल्या. एका विटेपासून दुसरीपर्यंत पळायचं, वाकून हात लावायचा, परत फिरायचं, असं सहा वेळा. ही माझी युक्ती नाही. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं घेताना ज्या नऊ चाचण्या घेतात, त्यांतली ही एक. बाकीच्या म्हणजे उंची, वजन, तीस मीटर धाव, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, एक किलोचा मेडिसिन बॉल फेकणं, वाकून पुढं हात नेणं आणि आठशे मीटर धावणं. या नऊंत कुठंच रिंग नाही, कोर्ट नाही. राज्यभरातून खेळाडू हुडकणारी यंत्रणा आधी अंग बघते, खेळ नंतर. लोह्यातलं कुठलंही पोर यांची तयारी गल्लीत करू शकतं. मेडिसिन बॉल नसेल तर जुन्या कापडाच्या पिशवीत एक किलो वाळू शिवून घ्यायची.

उडीबद्दल एक गोष्ट मी सगळ्या पालकांना कळकळीनं सांगतो, विशेषतः मुलींच्या. उडी मारण्याइतकंच उडीनंतर खाली येणं शिकवा. बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं. खाली येताना गुडघे ताठ राहिले किंवा आत वळले की तो तुटतो आणि पोरीचं खेळणं वर्षभर थांबतं, कधी कायमचंही. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, बोटांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरायचं. घरातल्या पायरीवरून शंभर वेळा उतरून ही सवय लागते. खर्च काही नाही. भाचीला मी सांगितलं, आजी झोपलेली असताना उडी मार आणि ती जागी होता कामा नये.

दुसऱ्या आठवड्यात हात. शाळेत चेंडू मिळेल त्या दिवशी काय करायचं हे आदल्या रात्री ठरलेलं असायला हवं, नाहीतर तो तास रांगेत जातो. तिला मी एकच काम दिलं: डावा हात. निवडीला येणारी जवळजवळ सगळी पोरं उजव्या हातानं ड्रिबल करतात आणि अडवणाऱ्यानं उजवी बाजू बंद केली की थांबतात, चेंडू दोन्ही हातांनी कवटाळतात, आणि मग त्यांना फक्त पास उरतो. डाव्या हातानं चार पावलं चेंडू न बघता नेता आला, तर चाळीसांत ती पोर वेगळी दिसते. घरी चेंडू नसतानाही डावा हात घडवता येतो. जेवण सोडून सगळी कामं आठवडाभर डाव्यानं करायची: बादली उचलणं, अंगण झाडणं, दार लावणं. आईनं तिला डाव्या हातात खराटा धरलेलं बघितलं आणि कपाळावर हात मारला, पण काही बोलली नाही.

लेअप म्हणजे पळत येऊन रिंगजवळून चेंडू टाकणं. त्याचं गणित पावलांचं आहे. उजव्या हातानं टाकायचा तर उजवं, डावं, उडी. डाव्यानं टाकायचा तर डावं, उजवं, उडी. तिसरं पाऊल पडलं की शिट्टी, ट्रॅव्हलिंग. हा ताल पोरीच्या अंगात आधी बसला पाहिजे, चेंडू नंतर. फुगडीची पावलं ज्या पोरींना येतात त्यांना ही दोन पावलं अर्ध्या तासात येतात. दारापासून चुलीपर्यंत उजवं-डावं-उडी, परत येताना डावं-उजवं-उडी, असं घरात आठ दिवस चाललं होतं.

आणि रिंग. रिंग बघून पोरं घाबरतात, कारण खालून ती लहान दिसते. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो. मुली खेळतात त्या सहा नंबरच्या चेंडूचा व्यास तेवीसच्या आसपास. म्हणजे रिंगमध्ये जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी मावतात. मग चेंडू जात का नाही? आईची परात घेतली आणि भाचीच्या डोळ्यांसमोर आडवी धरली. दिसली ती एक रेघ. मग परात खाली नेली, वरून बघायला लावलं. दिसला पूर्ण गोल. चेंडूचंही असंच आहे. सपाट फेकला तर त्याला रिंग रेघेसारखी मिळते, उंच कमान करून फेकला तर ती उघडते. जोरानं फेकणारी पोरं चुकतात ती इथं. फ्री थ्रोची रेषा बोर्डपासून ४.६० मीटरवर असते, आणि एवढं अंतर तेरा वर्षांच्या पोरीच्या मनगटाला जड जातं. ताकद मनगटात शोधायची नसते, गुडघ्यात असते. गुडघे वाकले आणि सरळ झाले की चेंडू हातातून आपोआप वर जातो. रात्री अंथरुणावर पडल्यावर छताकडं बघत कागदाचा बोळा एका हातानं सरळ वर फेकायचा आणि तो त्याच हातात परत यायला हवा. बोळा कपाळावर पडला तर कोपर बाहेर गेलं होतं असं समजायचं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती एकदा पायरीवर बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "मामा, उंची नाय म्हणून काढतेत का हो?"

वर्गातल्या दोन पोरी तिच्यापेक्षा हातभर उंच होत्या. खोटं सांगता येत नव्हतं. उंचीला या खेळात किंमत आहे, आणि निवड करणारा ती बघतोच. मी तिला मग्सी बोग्सबद्दल सांगितलं. एक मीटर साठ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच उंचीचा माणूस १९८७ पासून चौदा हंगाम अमेरिकेच्या एनबीएमध्ये खेळला. सात-सात फुटी माणसांच्या पायांतून चेंडू काढून न्यायचा. मायकेल जॉर्डनची गोष्ट तिला अर्धी माहीत होती, शाळेत कुणीतरी सांगितली होती की त्याला संघातून हाकललं. ती तशी नाही. विल्मिंग्टन गावातल्या लेनी शाळेत, १९७८ साली, त्याला मोठ्या संघात न घेता कनिष्ठ संघात घेतलं आणि मोठ्या संघातली जागा मिळाली त्याच्याच वर्गातल्या लेरॉय स्मिथला, कारण तो उंच होता. संघाला उंच पोरगा हवा होता, निवड चुकीची नव्हती. जॉर्डन कनिष्ठ संघात वर्षभर खेळला. मला ही गोष्ट अशीच आवडते. हाकललं म्हटलं की पोरं सूड धरतात. कनिष्ठ संघात ठेवलं म्हटलं की त्यांना कळतं, कुठंतरी खेळत राहायला जागा असते.

पोरींच्या बाबतीत मात्र उंचीपेक्षा मोठी अडचण वेगळीच. सराव शाळा सुटल्यावर होतो. लोह्यात राहणारी पोर सहा वाजता घरी चालत येते. पण लोह्याच्या शाळांत आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या पोरी किती आहेत! एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट आहे, त्याचं मोल मोठं आहे, त्या पासनं हजारो पोरी आठवीच्या पुढं शिकल्या. पण पास असून गाडी हवी. शाळा सुटायच्या वेळेची गाडी गेली की पुढची अंधारात. बाप म्हणतो, राहू दे तुझा खेळ. आणि बापाचं काळजीचं बोलणं चुकीचं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अशा पोरींसाठी सराव सकाळी, शाळेआधी ठेवणारे शिक्षक मी पाहिलेत. निवडीच्या याद्यांत खेड्यातल्या पोरींची नावं दिसतात तिथं बहुधा असाच कुणीतरी पहाटे उठणारा माणूस असतो.

बहिणीचा, म्हणजे भाचीच्या आईचा, प्रश्न वेगळा होता. "दादा, याचं पुढं काय होतं? गुण मिळतेत का?" मिळतात. दहावी-बारावीला ठरावीक पातळीपर्यंत पोचलेल्या खेळाडूंना वाढीव क्रीडा गुण असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. हे मी सांगितलं, कारण पोरीच्या आईला विचारायचा हक्क आहे. आपल्याच जिल्ह्यातली, मुखेड तालुक्यातली भाग्यश्री जाधव गोळाफेकीत दोन पॅरालिम्पिक खेळली आणि २०२४ साली पॅरिसला तिरंगा घेऊन भारताच्या पथकापुढं चालली, हेही सांगितलं. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली, तेही. बहीण सगळं ऐकून म्हणाली, "बरं. पण भाकरी थापायला शिकलीच पाहिजे." भाची म्हणाली, "डाव्या हातानं थापू का?" आणि त्या दिवसापासून घरातला विरोध संपला.

पाय आणि हातांसारखे डोळेही घडवावे लागतात. मुंबईतल्या नागपाड्याची आठवण इथं येते. १९२७ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन माणसानं तिथं नेबरहुड हाऊस उभं केलं. तो अमेरिकन मराठी मिशनचा माणूस. दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. त्या एवढ्याशा जागेतून आणि शेजारच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानातून या देशाला कितीतरी बास्केटबॉलपटू मिळाले. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर तिथलेच. नागपाड्यात जागा नव्हती, पैसा नव्हता. रोज संध्याकाळी मोठ्या पोरांचा खेळ कठड्यावर बसून बघणारी लहान पोरं मात्र होती. त्यांच्या हाताला चेंडू लागायच्या आधी डोळ्यांना खेळ लागला होता. लोह्यात तसा कठडा नाही. मोबाइल आहे. मी भाचीला पूर्ण सामना बघायला लावला, पण एक अट घातली: चेंडूकडं बघायचं नाही. एक खेळाडू निवडायचा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडं बघायचं. पहिल्यांदा तिला जमेना, डोळे चेंडूमागं पळत. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "मामा, हा तर सगळा टाईम नुसता पळलाला. कुणी बघतबी नाय त्याच्याकडं."

तिसऱ्या आठवड्यातलं काम सगळ्यात अवघड गेलं. ते काम म्हणजे ओरडणं.

डिफेन्समध्ये बोलावं लागतं. पाठीमागून कोण येतंय, आडवं कोण उभं राहिलंय, मी कुणाला धरलंय, हे मोठ्यानं सांगावं लागतं, कारण पुढच्या पोरीला मागं डोळे नाहीत. मुलं ओरडतात, त्यांना कुणी अडवलेलं नसतं. मुलींना जन्मल्यापासून हळू बोल, हसू नको मोठ्यानं, ओसरीवर माणसं आहेत, हेच ऐकवलेलं. निवडीच्या दिवशी मी कित्येक पोरी पाहिल्या की ज्यांचे पाय उत्तम, हात उत्तम, नजर उत्तम, आणि तोंड बंद. समोरून धोका दिसत असतो आणि आवाज गळ्यात अडकतो. सर वहीत काही लिहीत नाहीत, कारण लिहिण्यासारखं काही ऐकूच येत नाही. माझ्या भाचीचंही तसंच होतं. शेवटी आम्ही दोघं संध्याकाळी गावाबाहेर नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर गेलो. ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं. मी एका बांधावर, ती दुसऱ्यावर. "डावीकडं!" म्हण म्हटलं. ती पुटपुटली. ट्रक गेला. पुन्हा. आठ-दहा ट्रक गेले असतील. मग एकदा तिचा आवाज ट्रकच्या वरून आला आणि कपाशीतून बगळे उठले. ती स्वतःच दचकली. इतका मोठा आवाज आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं.

निवडणाऱ्याची नजर म्हटलं की एक आठवतं. आपल्याच तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत मी लहानपणी वडिलांबरोबर घोड्यांचा बाजार बघायला जायचो. मार्गशीर्षातली थंडी, खंडोबाचा भंडारा, आणि दूरदूरच्या मुलखातून आलेली जनावरं. घोडा नटवून उभा केलेला असायचा, रंगीत गोंडे, आरसे. जाणता गिऱ्हाईक त्या गोंड्यांकडं बघायचा नाही. तो म्हणायचा, चालवून दाखव. मग खाली बसून पाय बघायचा. मग पळवून दाखव म्हणायचा, आणि घोडा थांबल्यावर त्याचा श्वास किती वेळात खाली बसतो ते बघत उभा राहायचा. निवड करणारे चांगले शिक्षक असेच बघतात. ज्यांच्या शेजारी मी वही घेऊन उभा असायचो ते सर पोरांना आधी दमवायचे, मग खेळवायचे. ताज्या दमात सगळेच चांगले असतात, असं ते मानायचे. चेंडू हरवल्यावर पोर काय करतं, कमरेवर हात ठेवून उभं राहतं की मागं पळतं, ही खूण ते वहीत वेगळ्या रकान्यात करायचे. दुसरीच्या पासला धावून न पोचलेली पोर तिच्यावर चिडते की हात वर करून "माझं चुकलं" म्हणते, तेही. पाणी प्यायला सोडलं की कोण आधी घुसतं आणि कोण बाटली पुढं देतं, तेसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. बारा पोरांना घेऊन एसटीनं परगावी जायचं, एका खोलीत सतरंज्यांवर झोपायचं, असं असतं तेव्हा हे बघावंच लागतं.

निवडीच्या आदल्या रात्री मी भाचीला फक्त तीन गोष्टी सांगितल्या. नखं काप. रात्री भरपूर पाणी पी, सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन जा, उपाशी जाऊ नको. आणि कॅनव्हासच्या बुटांच्या लेसला दुहेरी गाठ मार. तयारी करायचे दिवस संपले होते, रात्री नवं काही शिकवून पोरांचं मन गढूळ करू नये.

सकाळी ती गेली. मी गेलो नाही. घरचं माणूस कडेला उभं असलं की पोरं त्याच्याकडं बघत खेळतात.

दुपारी दीडच्या सुमारास आली. गुडघ्यापर्यंत चिखल, एक कोपर खरचटलेलं, वेणी सुटलेली. यादी सोमवारी लागणार होती. तिनं हातपाय धुतले, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसली, तीच भिंत. आई डाळ निवडत होती. तिनं सुपातून नजर न काढता विचारलं, "मंग? आला का चेंडू हातात?"

"पाच-सहादा आला, आजी."

"बस्स? येवढंच?" आईनं आता वर बघितलं. "मंग बाकीचा येळ काय करत व्हतीस गं?"

भाची हसली आणि सरळ होऊन बसली. म्हणाली, "सांगते, थांब. आधी तू ते सूप बाजूला ठेव." मग तिनं सुपातले डाळीचे दाणे घेतले, ओसरीच्या फरशीवर दहा दाणे मांडले, पाच इकडं, पाच तिकडं. एकावर बोट ठेवून म्हणाली, "ही मी." आणि सांगायला लागली.